खांबावरचा घास

कोरहोप, १९ एप्रिल

आर्ची,

पत्र फाडण्याआधी पहिला परिच्छेद तरी वाच. हे कामाचं पत्र आहे. नऊ वर्षांत तुला मी एक ओळ लिहिली नाही आणि आजही लिहिली नसती. पण इस्टेटीने त्या खाऊ घालण्याच्या योजनेवर सही केली आहे, आणि या माळावर भोवत्यांसारख्या शिकारी पक्ष्यांच्या घरट्यापाशी जायचा सरकारी परवाना असलेला माणूस एकच आहे. तो माझा धाकटा भाऊ निघावा, हे माझं नशीब.

वॅटच्या खुब्याचं ऑपरेशन फेब्रुवारीत झालं. सगळा माळ नवऱ्याच्या रखवालीत, पण सध्या तो काठीशिवाय फाटकापर्यंत पोचत नाही. म्हणून हे काम माझ्या गळ्यात आलं. तुझी पुस्तिका मिळाली. वर नाव नसतं तरी तुझीच हे कळलं असतं. कुठल्या फाटकाची कडी कुठून उचलायची हेसुद्धा लिहिणारा माणूस तीस वर्षं टपाल वाटलेलाच असणार. समजलं ते असं: जमिनीवरच्या घरट्यापासून वीस पावलांवर एक खांब, खांबावर फळी, फळीवर रोज सकाळी सहाला कोंबडीची मेलेली पिलं आणि पांढरे उंदीर. भोवत्यांची पोटं भरली की ते ग्राउस पक्ष्यांच्या पिलांवर झडप घालणार नाहीत. इस्टेटीची शिकार शाबूत, तुझे पक्षी शाबूत.

वॅटने ती वाचून टेबलावर उपडी ठेवली. म्हणाला, "चोराला अंगणात जेवायला वाढायचं, म्हणजे तो घरात शिरत नाही. छान आहे."

"चोर निदान वेळेवर जेवायला येईल," मी म्हटलं.

नऊ वर्षांपूर्वीचं मी काढणार नाही, तूही काढू नकोस. तू वॅटच्या हद्दीत खांबावर लावलेला पक्ष्यांचा सापळा पाहिलास आणि सरळ पोलिसांना फोन केलास. आधी माझ्याकडे आला नाहीस. वॅट म्हणाला सापळा त्याचा नव्हे, प्रकरण पुढे गेलं नाही, आणि आईच्या अंत्यविधीला तू चर्चमध्ये डाव्या बाजूला बसलास, मी उजव्या. एवढं पुरे झालं.

रस्त्याच्या तोंडाशी दुधाचे कॅन ठेवायचा दगडी कट्टा आहे, तिथे पत्र्याचा डबा ठेवते. रोजची नोंद त्यात टाकीन. तू येऊन ने. विचारायचं असेल ते लिहून ठेव. दारात येऊ नकोस आणि फोनही करू नकोस. तुझा आवाज ऐकला तर मी भलतंच काही बोलून बसेन.

रोना


७ जून

आर्ची,

नोंदीच्या कागदावर "मादी आली, दोन उंदीर नेले" एवढंच लिहायला जागा आहे, म्हणून हे वेगळं.

परवा तू घरट्यापाशी जाऊन पिलं मोजलीस, ते मी वरच्या कुंपणापाशी बसून दुर्बिणीतून पाहिलं. पाच बोटं वर केलीस, ती मलाच दाखवलीस ना? तुझी पाठ हल्ली थेट बाबांसारखी वाकते. वजन उचलताना गुडघ्यातून वाक.

मादी मला ओळखायला लागली आहे. हसू नकोस. मे महिन्यात सुरुवात केली तेव्हा मी फळीवर ठेवून अर्धा मैल मागे गेल्याशिवाय ती उतरायची नाही. आता मी पिशवीची गाठ सोडते तेव्हाच ती डोक्यावर घिरट्या घालत असते. ती शेपटीजवळची पांढरी पट्टी इतकी जवळून मी एकतीस वर्षांत पाहिली नव्हती. तू लिहिलंस तसा रोज एकच कपडा घालते, तो जुना विटकरी कोट. गेल्या बुधवारी उकडत होतं म्हणून निळ्या स्वेटरवरच गेले, तर बया माझे केस उपटायला आली. घरी येऊन कोट चढवला, परत गेले, तर मुकाट्याने खांबावर बसून माझी वाट बघितली. म्हणजे ओळख माझी नाही, कोटाची. जरा वाईटच वाटलं.

नर भित्रा आहे. राखाडी, काळ्या टोकांच्या पंखांचा, देखणा आणि भित्रा. पण तोही यायला लागलाय. मादीचं बघून धीर आला असेल.

वॅट रोज विचारतो, आज किती नेली? म्हणजे ग्राउसची पिलं. मी रोज तीन तास बसते आणि खरं तेच सांगते. आजवर एक. एवढ्या दिवसांत एक, आर्ची. मी त्याला म्हटलं, तुझ्या कोल्ह्यांपेक्षा ही मंडळी कितीतरी गुणी आहेत. चालतो आता बरा, काठीही टाकली आहे, पण बोलणं कमी झालंय.

गेल्या आठवड्यात इस्टेटीचा कारभारी येऊन गेला. मालकांना मी तीन वर्षांत पाहिलेलं नाही, पण कारभारी येतो. दारातच उभा राहून म्हणाला, "वॅट, यंदा बारा ऑगस्टला आभाळ मोकळं असलं तर बरं होईल."

"बघू," वॅट म्हणाला.

"इथलं आभाळ कधी मोकळं असतं?" मी म्हटलं. दोघांपैकी कोणी हसलं नाही.

मला समजत नाही असं नाही. लागोपाठ दोन वर्षं बारा ऑगस्टला, हंगामाच्या पहिल्या दिवशी, शिकारीचा हाका झाला नाही, कारण उठवायला पुरेसे ग्राउसच नव्हते. तिसऱ्या वर्षीही झाला नाही तर माळाला रखवालदार कशाला, आणि रखवालदार नसेल तर त्याला घर कशाला? हे घर नोकरीचं आहे. वॅट ते बोलून दाखवत नाही, पण रोज संध्याकाळी परसातल्या भिंतीचा एखादा दगड सारखा करत बसतो. आपलं नसलेलं घर इतकं नीट ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

कट्ट्यावर रुबार्बची जुडी ठेवून गेलास ती मिळाली. जॅम केला. बरणी डब्यात आहे. जॅम खा आणि बरणी परत कर.

रोना


१२ जून

आर्ची,

चिठ्ठी मिळाली. मादीच्या पाठीवरचं ठावठिकाणा कळवणारं यंत्र काल सकाळपासून गप्प आहे म्हणतोस. तीन दिवस ऊन नाही, आणि ते उन्हावर चालतं हे तूच सांगितलंस.

मादी आज सहा वाजून दहा मिनिटांनी आली. एक उंदीर आणि कोंबडीची दोन पिलं नेली. नोंद केली आहे. तू वर जाऊ नकोस. पावसाची झड लागली आहे, ती पिलांवर बसून असेल, तिला उठवलीस तर पिलं गारठतील.

घाईत आहे. वॅटला तपासणीसाठी गावात न्यायचं आहे. बरणी मिळाली.

रोना


१९ जून

आर्ची,

तुझी चिठ्ठी चार वेळा वाचली. तू सोळा तारखेला वर गेलास, घरट्यात पाचही पिलं मेलेली होती आणि त्यांच्या भोवती न फाडलेले अकरा उंदीर पडले होते. पलीकडच्या रस्त्याने फिरायला निघालेल्या एका बाईने अकरा तारखेला सकाळी खांबापाशी विटकरी कोटातलं माणूस पाहिलं, आणि बंदुकीचा आवाज ऐकला. सगळं लिहिलंस, आणि खाली एक ओळ: "तू नव्हतीस एवढं सांग."

मीच होते.

कारण विचारू नकोस. ती ग्राउसची पिलं नेत होती, मी तुला एक सांगितलं, प्रत्यक्षात पुष्कळ होती. माझं डोकं फिरलं. बंदूक वॅटची, कपाटाची किल्ली कुठे असते ते मला माहीत आहे. वॅट झोपला होता. त्याला यातलं काही ठाऊक नाही.

काल पोलीस आली होती. लेडलॉ नावाची, तरुण आहे, पायात चिखलाचे बूट, दारातच काढून मोज्यांवर आत आली. तिने दोन स्कोन खाल्ले आणि कोट बघायला मागितला. मी खुंटीवरून काढून दिला.

"कोट तुमचाच ना, मिसेस टेल्फर?"

"माझाच."

"अकरा तारखेला तुम्हीच होतात का त्यात?"

मी चहा ओतत होते. ओतत राहिले. तिने वहीवरून मान वर केली आणि म्हणाली, "तुम्हाला एक सांगून ठेवते, कायद्याने सांगायलाच हवं असं नाही. आपल्याकडे एका साक्षीवर कुणाला शिक्षा होत नाही. दुसरा पुरावा लागतो. पक्षी सापडला नाही, काडतूस सापडलं नाही. त्या बाईने तोंड पाहिलेलं नाही. या घरातलं कुणी बोललं नाही तर हे इथेच संपेल."

वॅट टेबलापाशी बसला होता. त्याने कप तीनदा उचलला आणि तीनदा न पिता खाली ठेवला.

आता हे पत्र तुझ्या हातात आहे. हे तिला दिलंस तर तो दुसरा पुरावा होईल. द्यायचं असेल तर दे. मी तुला दोष देणार नाही, या वेळी तरी नाही.

रोना


२७ जून

आर्ची,

तू ते पत्र तिला दिलं नाहीस. डब्यात परत ठेवलंस, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलंस: "आईने कोंबडीची मान मुरगळायला घेतली की तू गोठ्यामागे जाऊन ओकायचीस. तू कुठली बंदूक उचलतेस? कुणाला झाकतेस ते मला कळतं. मला त्याचं नको. मला दुसरं विचारायचंय. पिलं उपाशी मरत होती तेव्हा तुला माहीत होतं का?"

कोंबडीचं वाचून मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या हसले. मग पुढचं वाचलं. सहा दिवस उत्तर लिहिलं नाही. आज लिहिते, आणि आज खोटं एक अक्षर नाही.

अकरा तारखेला सकाळी वॅट माझ्याआधी उठला. म्हणाला, "आज मी जातो. तुझा गुडघा दुखतोय, पड जरा." मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत तो प्रथमच त्या पक्ष्यांच्या कामाला हात लावत होता. मीच म्हटलं, "माझा कोट घालून जा, नाहीतर ती तुझं टक्कल फोडेल." ऐकलंस ना? मीच म्हटलं. त्याने घातला असताच, पण त्याला तो खुंटीवरून काढून दिला मी.

तासाभरात परत आला. कोट खुंटीला लावला, पिशवी माझ्या हातात दिली आणि हात धुवायला गेला.

"आली होती?" मी विचारलं.

"आली."

"घेतलं?"

"घेतलं."

पिशवी जड होती, आर्ची. मी उघडून पाहिली. चार उंदीर, सहा पिलं, सकाळी मोजून भरलेलं सगळं तसंच. तो रिकामी करायला विसरला होता. एवढा एकच भाग त्याच्या डोक्यातून गेला. मी पिशवीची गाठ परत मारली, फ्रीजमध्ये ठेवली आणि त्याच्यासाठी अंडी तळली. तो जेवला. मीही जेवले.

दुपारी परसात भिंतीपाशी गेले. म्हटलं, "कुठे आहे ती?"

त्याने दगड खाली ठेवला. "शिकाऱ्यांच्या तिसऱ्या आडोशामागे. दलदलीत, हातभर खाली."

"का, वॅट?"

"कारभारी काय म्हणाला ते तुझ्यासमोर म्हणाला."

"तो हवेबद्दल बोलला."

"हो," वॅट म्हणाला, "एकतीस वर्षं ते माझ्याशी हवेबद्दलच बोलतायत."

मग दगड परत उचलत म्हणाला, "मला वाटलं होतं लांबून एखादी संधी मिळेल तर बघू, नाहीतर सोडून देऊ. पण ती सरळ आली. माझ्यापासून आठ पावलांवर खांबावर बसली आणि बघत राहिली. उडाली असती तर मी मारलं नसतं, रोना. ती उडालीच नाही."

ती कशी उडेल? दीड महिना मी तिला रोज तेच तर शिकवत होते, की या कोटाच्या हातून काही वाईट होत नाही. एरवी भोवत्याला टिपायचं तर रखवालदाराला दिवसचे दिवस हेदरच्या झुडपांत पालथं पडून राहावं लागतं. मी तिला त्याच्या पुढ्यात आणून बसवली.

आता तुझा प्रश्न.

हो. मला माहीत होतं.

तुझ्या पुस्तिकेत चौदाव्या पानावर आहे, चित्रासकट. दोन आठवड्यांच्या आतल्या पिलांना मांस फाडता येत नाही. मादीच तुकडे करून भरवते. नर आणून टाकतो आणि जातो, भरवणं त्याला येत नाही. मादी गेली तर परवानाधारकाला ताबडतोब कळवा, पिलं काढून हाताने वाढवता येतात. ते पान मला पाठ आहे. पिलं आठ दिवसांची होती.

बारा तारखेला मी कोट घालून वर गेले. फळीवर सगळं मांडलं. नर आला, उंदीर उचलला, घरट्यावर नेऊन टाकला, पुन्हा आला. भित्रा म्हणत होते ना मी त्याला? त्या सकाळी तो सहा वेळा आला. खालून पिलांचा आवाज येत होता, तो टाकत होता, आणि आवाज थांबत नव्हता. मी घरी आले आणि नोंदीच्या कागदावर लिहिलं, "मादी आली." तुझी चिठ्ठी त्याच डब्यात होती. तिलाही उत्तर लिहिलं, वर जाऊ नकोस म्हणून. तू गेला असतास तर पाचही जगली असती. पण मादी कुठे गेली हे तू विचारलं असतंस.

तेरा तारखेला मी शिवणाच्या डब्यातली लहान कात्री आणि चिमटा घेऊन गेले. म्हटलं आपणच तुकडे करून भरवू. खांबापर्यंत गेले. पुढची वीस पावलं हेदर गुडघाभर आहे. तुडवलं तर वाट उमटते आणि आठवडाभर राहते. तुला ती दिसली असती. मी उभी राहिले, आवाज ऐकला आणि चिमटा खिशात ठेवून परत फिरले. त्या दिवशी आवाज बारीक झाला होता. चौदाला एक-दोनच येत होते. पंधराला काही नाही. नर तरीही उंदीर नेत होता. मी पंधरालाही नोंद भरली.

वॅटने एक मारली. पाच मी मारली, आणि मला त्याच्यासारखा क्षणात मोकळं व्हायचा मार्गही नव्हता. चार दिवस रोज सकाळी उठून, कोट घालून, ठरवून. लोक म्हणतील नवऱ्याला वाचवायला केलं. तसं केलंही. पण घरासाठीही केलं, परसातल्या त्या भिंतीसाठी, आणि मला तुझ्यापुढे "मी तुझं ऐकायला हवं होतं" असं म्हणायला लागू नये म्हणूनही. यातलं कुठलं किती होतं ते मला सांगता येत नाही.

नऊ वर्षांपूर्वीचा सापळाही वॅटचाच होता. मला तेव्हाही माहीत होतं. आईच्या अंत्यविधीला मी तुझ्याकडे पाहिलं नाही ते रागाने नव्हे.

लेडलॉला फोन केला आहे, सोमवारी येते. ती बाई एक आणि मी दुसरी, तेवढं पुरतं म्हणाली. तिसऱ्या आडोशामागची जागाही दाखवणार आहे. काल वॅटला हे सांगितलं. मला वाटलं ओरडेल. तो खाली वाकून बुटांची नाडी सोडत राहिला.

"मग आपण राहायचं कुठे?" एवढंच विचारलं.

"माहीत नाही."

"बरं," म्हणाला, आणि कुत्र्यांना खायला घालायला बाहेर गेला.

रोना


१ ऑगस्ट

आर्ची,

तुझं उत्तर आलं नाही. यायला नकोच होतं. नऊ वर्षं मी बोलले नाही, तू त्याच्या दुप्पट गप्प बसलास तरी मी हिशोबात तुला मागेच धरीन. पण एक काम आहे, आणि ते सांगायला दुसरं कुणी नाही.

आधी बातम्या. पक्षी सापडला, मी दाखवलं तिथेच. वॅटच्या बंदुका नेल्या. त्याने लेडलॉला सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं, माझ्याइतकंच सरळ. फक्त कारभाऱ्याचं नाव घेतलं नाही. ती म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?" तर म्हणाला, "कुणी काही सांगितलं नाही." आणि ते खरंच आहे. खटला ऑक्टोबरात. कारभाऱ्याचं पत्र तिसऱ्या दिवशी आलं. इस्टेटीला धक्का बसला आहे, अशा कृत्यांना इस्टेटीत थारा नाही, घर ऑगस्टच्या पहिल्या बुधवारपर्यंत रिकामं करावं. वॅटच्या बहिणीकडे हॉइकला दोन खोल्या आहेत, तिथे जातोय. कुत्री तिथे नेता येत नाहीत.

ग्राउसची मोजणी झाली. गेल्या वर्षीइतकेच निघाले, चार कमी. मे महिन्याच्या थंडीने आणि गोचिडांनी पिलं खाल्ली. बारा तारखेला हाका नाही. मादी असती तरी तेवढेच असते. हे मी वॅटला सांगितलं नाही, पण मोजणीचा कागद टेबलावर होता आणि त्याला वाचता येतं.

आता काम. नर गेलेला नाही.

खाऊ घालणं थांबून महिना उलटून गेला. मला वाटलं तो दक्षिणेकडे जाईल, निदान पलीकडच्या खोऱ्यात. रोज सकाळी सहाला तो त्या खांबावर येऊन बसतो. वरच्या खोलीतून सामान आवरताना मला दिसतो. शुक्रवारी नवा रखवालदार घर बघायला आला. बरा आहे, अदबीने बोलतो, परसातली भिंत पाहून खूश झाला. मग खिडकीतून वर बघून म्हणाला, "तो राखाडी तिथे नेहमीच बसतो का? माणसाला भीत नाही वाटतं."

"भितो की," मी म्हटलं.

"मी सकाळी पंधरा पावलांपर्यंत गेलो होतो," तो म्हणाला. त्यात वाईट काही नसेलही. पण मी एकतीस वर्षं या लोकांत काढली आहेत, आणि त्याने पावलं मोजली होती.

म्हणून शनिवारपासून मी रोज वर जाते आहे. कोट घालूनच जाते, दुसऱ्या कपड्यात जाऊन उपयोग नाही. वर दगड मिळत नाहीत, सगळी दलदल आणि हेदर, म्हणून खालच्या ओढ्यातून बादली भरून नेते. तो मला पाहून येतो. मी ओरडते, हात हलवते आणि त्याला दगड मारते. पहिल्या दिवशी त्याला ते कळलंच नाही. दगड खाली पडला की तो उतरून बघायचा, खायचं काही आहे का ते. काल मी खांब उपटून ओढ्यात टाकला. आज सकाळी तो खांबाच्या खड्ड्याशेजारी जमिनीवर बसला होता.

पक्ष्याला असं हुसकणं हाही गुन्हा असेल. लिहून घे हवं तर.

मंगळवारपर्यंत मी रोज वर जाते. बुधवारी गाडी येईल. त्यानंतर तू जा, आर्ची, तुला सोडून कुणाला सांगू? कोट कुंपणाच्या खुंटाला अडकवून ठेवते. तुला घट्ट होईल, बटणं लावू नकोस. त्याला शीळ घालू नकोस, त्याच्याशी गोड बोलू नकोस, मला माहीत आहे तू बोलशील. त्याला माणसाची भीती वाटली पाहिजे, बाराला हंगाम उघडायच्या आत, आणि या कोटाची सगळ्यात जास्त. दगड जवळ पडू देत, पण लागू देऊ नकोस.

आज माझा एक लागला. पंखाच्या मुळाशी. तो उडाला, माळावरून एक मोठी फेरी मारली, आणि परत येऊन त्याच जागी बसला, आणि माझ्या हातांकडे बघत राहिला.

रोना